युरिया, गोवऱ्या आणि 'शेतकऱ्याला कळत नाही'

जळगाव-धुळ्यात शेतीवर संशोधन करायला निघालात की एक वाक्य हमखास ऐकू येईल: 'मक्याला नुसता युरिया टाकतात, शेतकऱ्याला कळत नाही.' ते प्रस्तावात जसंच्या तसं उतरवू नका. आधी त्याचा इतिहास बघा.

1889 मध्ये जॉन ऑगस्टस व्होएल्कर हा इंग्रज रसायनतज्ज्ञ भारतातली शेती पाहायला आला. तेव्हाची नेहमीची तक्रार अशी: शेण शेताला द्यायचं सोडून लोक गोवऱ्या जाळतात. व्होएल्करने 1893 च्या अहवालात कारण सांगितलं ते सरपणाच्या टंचाईचं. उपायही तसाच सुचवला: जळणासाठी राखीव झाडं वाढवा.

आता मका घ्या. शिफारस हेक्टरी 120 किलो नत्र, 60 स्फुरद, 40 पालाश अशी. ऑगस्ट 1992 मध्ये स्फुरद-पालाशाच्या खतांचे भाव नियंत्रणातून सुटले, युरियाचा मात्र बांधलेलाच राहिला. 2010 मध्ये अन्नद्रव्यांवर आधारित अनुदान आलं, त्यातूनही युरिया बाहेर. मग दुकानात हात कोणत्या गोणीकडे जाईल? शिवाय युरियाने पीक लगेच हिरवंगार दिसतं. स्फुरदाचं मुळांतलं काम डोळ्यांना दिसत नाही.

म्हणून प्रश्नावलीत 'खताची माहिती आहे का?' एवढंच विचारून थांबू नका. तेव्हा दुकानात काय मिळत होतं, भाव काय होता, पैसे कुठून आणले, हेही विचारा. आणि प्रत्येक उत्तरापुढे साल लिहा. साल नसलं की नाइलाजसुद्धा स्वभाव वाटायला लागतो.