राजीखुशीचा कागद

ज्याचं शिक्षण दहावीच्या आत थांबलं, त्याच्या भारतीय पासपोर्टवर सहसा एक शेरा असतो : 'एमिग्रेशन चेक रिक्वायर्ड'. बोलताना सगळे त्याला ईसीआर म्हणतात. हा शेरा असलेला माणूस नोकरीसाठी लंडनला निघाला, तर या शेऱ्यापायी त्याला कुणी अडवत नाही. पण सौदी, कुवेत, ओमान, कतार, अमिराती, मलेशिया अशा ठरावीक अठरा देशांत कामाला जायचं असेल, तर विमानात बसण्याआधी एका सरकारी अधिकाऱ्याची मंजुरी लागते. त्या अधिकाऱ्याचं पद 'प्रोटेक्टर ऑफ एमिग्रंट्स', म्हणजे परदेशी कामाला जाणाऱ्यांचा संरक्षक. मुंबईत त्याचं कार्यालय आहे. रत्नागिरी-रायगडच्या ज्या घरांतली माणसं आखातात राबली, तिथे एजंट, मेडिकल, व्हिसा यांच्या जोडीने या मंजुरीचंही बोलणं होतं.

हे पद कुठून आलं, हे शोधत मागे गेलं की स्वतंत्र भारताचा पासपोर्ट कायदा बराच अलीकडे राहतो. मुंबईत आगगाडी धावण्याच्याही आधी आपण जाऊन पोचतो, कोलकात्याच्या एका पोलीस कचेरीत.

साल १८३४. ब्रिटिश साम्राज्यातली गुलामगिरी कायद्याने संपत आली होती आणि मॉरिशसच्या ऊसमळ्यांना मजूर हवे होते. त्या सप्टेंबरात छोटा नागपूरच्या डोंगराळ भागातल्या ३६ आदिवासी मजुरांना कोलकात्याच्या मुख्य मॅजिस्ट्रेटपुढे उभं केलं गेलं. मॉरिशसमधल्या एका ब्रिटिश पेढीशी त्यांचा पाच वर्षांचा करार होता. महिना पाच रुपये पगार आणि वर अन्नवस्त्र. त्या पाचातला एक रुपया परतीच्या भाड्यापोटी दर महिन्याला कापून ठेवायचा. करार वाचून दाखवला गेला, मजुरांनी त्यावर आपल्या खुणा केल्या आणि 'ॲटलास' नावाच्या जहाजाने २ नोव्हेंबर १८३४ रोजी त्यांना पोर्ट लुईच्या बंदरात उतरवलं. मॉरिशसमध्ये हा दिवस आजही राष्ट्रीय पातळीवर पाळला जातो.

मला या प्रसंगात मॅजिस्ट्रेट महत्त्वाचा वाटतो. करार दोन खासगी पक्षांमधला होता. सरकारचा त्यात पैसा नव्हता, जहाज नव्हतं. तरीही मजूर राजीखुशीने चालले आहेत, असं सरकारच्या माणसासमोर म्हणवून घेण्याची गरज पेढीला वाटली. कारण उघड होतं. गुलामांचा व्यापार बंद करणाऱ्या साम्राज्यातून जहाजभर माणसं मळ्यावर राबायला निघाली, की इंग्लंडमधले गुलामीविरोधी लोक प्रश्न विचारणार. त्या प्रश्नाला दाखवायला कागद हवा होता. म्हणजे संमतीच्या या कागदाचा जन्म मजुराच्या काळजीतून जितका झाला, तितकाच मालकाच्या बचावासाठीही झाला. पुढच्या जवळपास दोनशे वर्षांत ही दुहेरी वृत्ती त्या कागदाला सोडून गेलेली नाही.

१८३७ मध्ये कंपनी सरकारने या रिवाजाला कायद्याचं रूप दिलं. परदेशी निघालेला मजूर आणि त्याला नेणारा एजंट, दोघांनी सरकारने नेमलेल्या अधिकाऱ्यापुढे हजर व्हायचं. करार लेखी हवा, मुदत पाच वर्षांपेक्षा जास्त नको, परतीची सोय त्यात नोंदलेली हवी. अधिकाऱ्याने दोघांना प्रश्न विचारायचे आणि समाधान झालं तरच परवाना द्यायचा. जहाजात माणशी जागा किती, शिधा काय, वैद्य आहे का, हेही बघायचं. आजच्या मंजुरीची जवळपास सगळी हाडं इथे तयार झालेली दिसतात.

पण कागद कितीही नीट भरला तरी गावात काय घडत होतं ते त्यावर येत नव्हतं. दलाल बाजारात, जत्रेत, धर्मशाळेत माणूस हेरायचे. मॉरिशस म्हणजे इथून थोडं पुढे, असं सांगितलं जायचं. आगाऊ पगारातला मोठा वाटा मधल्या हातांत जिरायचा. १८३८ मध्ये कोलकात्याच्या टाउन हॉलमध्ये याविरुद्ध सभा भरली, चौकशी समिती बसली आणि १८३९ मध्ये मजुरांना परदेशी नेण्यावर बंदी आली. मळेवाल्यांनी लंडनमध्ये दबाव आणला आणि १८४२ च्या अखेरीस मॉरिशसची वाट पुन्हा उघडली. या वेळी भरतीवर सरकारी देखरेख वाढली, आणि मॉरिशसच्या किनाऱ्यावर येणाऱ्यांची नोंद ठेवायला तिथेही एक 'प्रोटेक्टर' बसला. पुढच्या कायद्यांनी भारतातल्या बंदरांवरच्या प्रोटेक्टरची कामं अधिकाधिक तपशिलाने लिहून काढली.

मुंबई हे त्यांतलं एक बंदर. कोकणातले आणि घाटावरचे मराठी मजूर इथूनच मॉरिशसला गेले. बिहार आणि मद्रासकडच्या लोंढ्यांपुढे त्यांची संख्या थोडी होती, पण ते तिथे टिकले. आजही मॉरिशसमध्ये गणेश चतुर्थीची सार्वजनिक सुट्टी असते, कास्काव्हेलसारख्या गावात मराठी घरं आहेत आणि कोकणातल्या जाखडीचं नातं सांगणारी 'झाकरी' तिथे नाचली जाते.

प्रत्येक मजुरामागे नोंदी व्हायच्या : नाव, बापाचं नाव, वय, जात, उंची, अंगावरची खूण, गाव, जिल्हा, जहाज. वसाहतींसाठीच्या छापील परवान्यांवर डॉक्टरची सही असायची, एजंटची असायची आणि प्रोटेक्टरचीही. या माणसाला कामाच्या अटी समजावल्या आहेत आणि तो आपल्या इच्छेने जातो आहे, अशा अर्थाचा दाखला त्यात असायचा. दाखला देणाऱ्याच्या समोर दिवसाला किती माणसं उभी राहत आणि प्रत्येकाला तो किती वेळ देऊ शकत असेल, याचा विचार केला की त्या ठाम वाक्यावरचा माझा विश्वास डळमळतो.

समुद्रापलीकडे तर त्याच कागदाने बाजू बदलली. मॉरिशसमध्ये उतरताच माणसाला नंबर मिळायचा आणि तो नंबर जन्मभर चिकटायचा. एक दिवस कामावर आला नाही की दोन दिवसांचा पगार कापला जाई. मळ्यांवर याला 'डबल कट' म्हणत. मॉरिशसमध्ये परतीचं मोफत तिकीट १८५० च्या दशकात बंदच झालं. १८६७ च्या कायद्याने तर करार संपवून मोकळ्या झालेल्या जुन्या मजुरांनाही स्वतःचा फोटो लावलेलं तिकीट आणि पोलिसांचा पास बाळगायला लावलं. तिकीट जवळ नसलं तर भटक्या म्हणून अटक. पासपोर्टवर फोटो चिकटवण्याची सक्ती जगात पहिल्या महायुद्धाच्या काळात रुळली. या मजुरांच्या वाट्याला ती जवळजवळ पन्नास वर्षं आधी आली.

या नोंदी नष्ट झाल्या नाहीत, ही मोठी गोष्ट आहे. मोका इथल्या महात्मा गांधी इन्स्टिट्यूटमध्ये त्या जपल्या आहेत, फोटोंसकट. पोर्ट लुईचा धक्का, म्हणजे आजचा आप्रवासी घाट, २००६ पासून जागतिक वारसा स्थळ आहे. आणि त्या वह्यांना आता एक नवं काम मिळालं आहे. मार्च २०२४ मध्ये राष्ट्रपती द्रौपदी मुर्मू यांनी पोर्ट लुईमध्ये जाहीर केलं की मॉरिशसमधल्या भारतीय वंशाच्या सातव्या पिढीलाही ओसीआय, म्हणजे 'ओव्हरसीज सिटिझन ऑफ इंडिया', हे कार्ड मिळू शकेल. पण पणजोबाच्या पणजोबाचा माग लावायचा कशाने? गावाकडे तलाठ्याच्या दप्तरात काही सापडेल याची खात्री नाही. सापडतं ते मोक्याच्या वहीत. तिथला नंबर, जहाजाचं नाव आणि पुढच्या प्रत्येक पिढीचे जन्म-विवाहाचे दाखले अशी साखळी जोडावी लागते. मजुराचं पहिलं नाव पुढे आडनाव बनलं आणि फ्रेंच-इंग्रजी कारकुनांनी ते कानाला येईल तसं लिहिलं, म्हणून एकाच घराण्याच्या दाखल्यांत स्पेलिंग वेगवेगळं भेटतं. ही गाठ सोडवताना नातवंडं महिनोन्‌महिने कागद चाळतात. ज्या नोंदीने त्यांच्या पूर्वजाला मळ्याशी जखडलं, तिच्याच आधारे ती भारताकडे आपलं नातं मागतात, आणि भारताने ते देणं मला न्यायाचं वाटतं.

करारबद्ध मजुरीविरुद्धची भारतातली वैधानिक लढाई मात्र एका मराठी माणसाने लढवली. गोपाळ कृष्ण गोखले यांनी १९१० मध्ये इम्पीरियल लेजिस्लेटिव्ह कौन्सिलमध्ये दक्षिण आफ्रिकेतल्या नाताळकडे मजूर पाठवणं थांबवण्याचा ठराव मांडला. नाताळमध्ये करार संपलेल्या मजुराने पुन्हा करार करावा किंवा देश सोडावा म्हणून वर्षाला तीन पौंडांचा कर लादला होता, आणि गांधीजी तिथे लढत होते. सरकारने ठराव मानला आणि १९११ च्या जुलैपासून नाताळची भरती बंद झाली. मार्च १९१२ मध्ये गोखले आणखी पुढे गेले : ही पद्धतच सगळीकडे संपवा. तो ठराव सरकारी मतांच्या जोरावर पडला. त्या भाषणातला त्यांचा मुद्दा संमतीच्या कागदालाच हात घालणारा होता. ज्याला करार वाचता येत नाही, ज्या देशात जायचंय तो माहीत नाही, आणि काम सोडलं तर तुरुंग आहे हे ज्याला सांगितलेलं नाही, त्याची संमती ही संमतीच नव्हे. गोखले १९१५ मध्ये गेले. भरती थांबली १९१७ मध्ये, तीही महायुद्धाच्या काळातल्या विशेष अधिकारांखाली.

१९२२ चा एमिग्रेशन कायदा गोखल्यांनी उभ्या केलेल्या वातावरणातून आला. अकुशल कामासाठी माणसं फक्त सरकारने जाहीर केलेल्या देशांतच आणि ठरवलेल्या अटींवरच नेता येतील, असं त्याने ठरवलं. प्रोटेक्टर कायम राहिला. पण या कायद्याच्या काळातली मला सर्वांत मोलाची वाटणारी गोष्ट वेगळीच आहे : भारत सरकारने सिलोन आणि मलायात आपले एजंट नेमले. मजूर जिथे राबतो तिथे जाऊन मळे बघायचे, मजुरीच्या दरांवर बोलायचं, अहवाल लिहायचा, हे त्यांचं काम. गुलाम देशाच्या सरकारचे हे अधिकारी, त्यांचे हात बांधलेले होते. तरी संरक्षकाने समुद्र ओलांडायला हवा, हे त्या नेमणुकांनी मान्य केलं होतं.

स्वातंत्र्यानंतर हा कायदा बराच काळ निपचित पडून होता. १९७३ मध्ये तेलाचे भाव भडकले आणि आखातात रस्ते, रिफायनऱ्या, बंदरं उभी राहू लागली तसा तो पुन्हा कामाला लागला. मुंबई हे आखाताकडचं दार झालं. गावोगावची पोरं लॉजमध्ये राहून व्हिसाची वाट बघू लागली, एजंटांनी जमिनी आणि दागिने गहाण टाकायला लावले. मळ्यांसाठी केलेल्या १९२२ च्या कायद्यात या धंद्याला आवरण्याची ताकद नव्हती. म्हणून १९८३ चा एमिग्रेशन कायदा आला आणि त्याच वर्षाच्या ३० डिसेंबरला लागू झाला. भरती करणाऱ्या एजंटला सरकारी नोंदणी आणि तारण सक्तीचं झालं. मजुराने नोकरीचा करार, व्हिसा दाखवून प्रोटेक्टरकडून मंजुरी घ्यायची.

कुणाला ही मंजुरी लागत नाही, ती यादी वाचण्यासारखी आहे : दहावी पास, पदवीधर, आयकर भरणारे, राजपत्रित अधिकारी, पन्नाशी ओलांडलेले. राज्ययंत्रणा इथे सांगते की शिकलेला किंवा कमावता माणूस फसणार नाही. हा अंदाज पूर्ण खरा नाही, पण त्यामागे १८३७ पासूनची एक समज आहे आणि तिच्यात तथ्य आहे : ज्याच्याकडे सौदा करण्याचं बळ कमी, त्याच्या बाजूने कुणीतरी उभं राहावं. चूक होते ती त्याच्यावर शिक्का मारण्यात. जानेवारी २०१८ मध्ये ईसीआरवाल्यांना नारिंगी रंगाचा वेगळा पासपोर्ट देण्याचा विचार जाहीर झाला, तेव्हा देशभर संताप उसळला आणि त्याच महिन्याच्या अखेरीस सरकारने तो मागे घेतला. तो संताप अगदी योग्य होता. परक्या विमानतळावर दुरूनच 'हा कमी शिकलेला' असं सांगणारं पुस्तक हातात देणं हे संरक्षण नव्हे.

आज अर्ज 'ई-मायग्रेट'वर ऑनलाइन होतो. मंजुरीसोबत दहा लाखांचा विमा मिळतो. परदेशी अडकलेल्यांना मदत करायला २००९ पासून दूतावासांकडे भारतीय समुदाय कल्याण निधी आहे. वकील, निवारा, तिकीट, मृतदेह घरी आणण्याचा खर्च त्यातून होतो. हे सगळं खरंच चांगलं आहे. तरीही कच्चा दुवा १८३४ मध्ये होता तिथेच आहे. अनेकांना विमानतळावरून बाहेर पडताच अरबीतला दुसराच करार पुढे केला जातो आणि मुंबईत दाखवलेला पगार त्यात नसतो. पासपोर्ट कफील, म्हणजे मालक, ठेवून घेतो. मंजुरीच्या कटकटी टाळायला एजंट व्हिजिट व्हिसावर माणूस पाठवतो, आणि असा गेलेला माणूस संकटात सापडला की विमाही नसतो आणि त्याच्या नावाची नोंदही नसते.

१९८३ चा कायदा बदलण्यासाठी २०१९ आणि २०२१ मध्ये मसुदे आले. त्यांवरची बरीच चर्चा एजंट, दंड आणि पोर्टल यांभोवती फिरली. मला हवा आहे तो बदल साधा आहे : मंजूर केलेल्या कराराची प्रत मजुराच्या भाषेत त्याच्या हातात असावी, तीच प्रत तिथल्या भारतीय दूतावासात असावी, आणि पहिल्या तीन पगारांनंतर दूतावासाच्या माणसाने त्याला फोन करून विचारावं की ठरलेले पैसे मिळतात का. यासाठी दूतावासांत कामगारांचं काम बघणारी माणसं वाढवावी लागतील, मराठी, तेलुगू, भोजपुरी, मल्याळम बोलणारी. खर्च येईल. मजूर घरी जो पैसा पाठवतो त्यावर कोकणातली कित्येक घरं उभी आहेत, तेव्हा तो खर्च देशाने आनंदाने करावा.