सही न करणारे दोघे

अमेरिकेच्या स्वातंत्र्याचा विषय निघाला म्हणजे वॉशिंग्टन, जेफरसन, फ्रँकलिन ही नावे आपोआप ओठांवर येतात. ती यावीत यात गैर काही नाही. परंतु १७७६ चा स्वातंत्र्याचा जाहीरनामा आणि १७८७ ची राज्यघटना या ज्या दोन कागदांवर ते राष्ट्र उभे राहिले, त्यांखाली कोणाच्या सह्या आहेत हे जितके पाहण्याजोगे आहे, तितकेच कोणाच्या नाहीत हेही पाहण्याजोगे आहे. आज आम्ही अशा दोन पुरुषांची ओळख करून देणार आहोत. पेनसिल्व्हेनियाच्या जॉन डिकिन्सनने पहिल्या कागदावर सही केली नाही. व्हर्जिनियाच्या जॉर्ज मेसनने दुसऱ्यावर केली नाही. दोघेही देशभक्त होते. मग त्यांनी सही का नाकारली, आणि नाकारल्यावर ते कसे वागले?

डिकिन्सनचा जन्म १७३२ चा. लंडनच्या मिडल टेंपलमध्ये तो कायदा शिकला. इंग्लंडच्या पार्लमेंटने वसाहतींवर काच, कागद, रंग, चहा यांवरील जकात लादली, तेव्हा १७६७ पासून त्याने एका शेतकऱ्याच्या भूमिकेतून बारा पत्रे लिहिली. वसाहतींच्या संमतीवाचून महसुलासाठी कर बसविण्याचा अधिकार पार्लमेंटला नाही, हे त्या पत्रांचे सार. वसाहतींतील वृत्तपत्रांनी ती छापली आणि हा शेतकरी घरोघर पोहोचला. स्वातंत्र्याच्या चळवळीची भाषा ज्यांनी घडविली त्यांत हा मनुष्य अग्रभागी होता.

आणि तरीही १ जुलै १७७६ रोजी फिलाडेल्फियाच्या काँग्रेसमध्ये तोच स्वातंत्र्याच्या ठरावाविरुद्ध उभा राहिला. स्वातंत्र्य नको असे त्याचे म्हणणे नव्हते. आज नको, असे होते. परराष्ट्राचे साहाय्य निश्चित नाही, तेरा वसाहतींचा आपसांतील करार झालेला नाही, अशा स्थितीत उडी घेणे म्हणजे कागदाच्या होडीतून वादळात शिरणे होय, असा त्याचा युक्तिवाद होता. लोकमताचा प्रवाह उलट दिशेने वाहत होता. आपली लोकप्रियता या भाषणाने संपणार, हे त्याला पुरते ठाऊक होते.

दुसऱ्या दिवशी मतदान झाले. प्रत्येक वसाहतीला एक मत, आणि पेनसिल्व्हेनियाच्या सात प्रतिनिधींत आदल्या दिवशी चार विरुद्ध तीन असा कौल ठरावाच्या विरोधात गेला होता. त्या सकाळी डिकिन्सन आणि रॉबर्ट मॉरिस हे दोघे मतदानापासून दूर राहिले. उरलेल्या पाचांत तीन विरुद्ध दोन असा निर्णय होऊन पेनसिल्व्हेनियाचे मत स्वातंत्र्याच्या पारड्यात पडले. आपल्या मताला मुरड घालून त्याने ‘होय’ म्हटले नाही आणि राष्ट्राची वाटही अडविली नाही. पुढे त्याने केले काय? ज्या ठरावाला विरोध केला, त्याच्याच रक्षणासाठी तो आपली लष्करी तुकडी घेऊन न्यू जर्सीत गेला!

आता मेसनकडे वळू. जन्म १७२५ चा. पोटोमॅक नदीकाठी गन्स्टन हॉल हे त्याचे घर, आणि वॉशिंग्टन त्याचा शेजारी व मित्र. १२ जून १७७६ रोजी व्हर्जिनियाने मंजूर केलेला हक्कांचा जाहीरनामा मुख्यत्वे मेसनच्या लेखणीतून उतरला. सर्व माणसे निसर्गतः सारखीच स्वतंत्र आहेत, हे तत्त्व त्यात जेफरसनच्या जाहीरनाम्यापूर्वी काही आठवडे लिहिले गेले.

१७८७ च्या घटनापरिषदेत मेसन उत्साहाने बसला आणि पुष्कळदा बोलला. परंतु काम संपत आले तरी नागरिकांच्या हक्कांची सनद मसुद्यात नव्हती. १२ सप्टेंबरला त्याने ती मागितली. काही तासांत तयार होईल, असेही सांगितले. जवळजवळ चार महिने चाललेल्या कामाने सभासद थकले होते. राज्यांच्या सनदा आहेत, त्या पुरेशा आहेत, असे उत्तर मिळाले आणि एकाही राज्याने सूचनेला पाठिंबा दिला नाही. १७ सप्टेंबरला एकोणचाळीस नावे कागदावर उमटली. अखेरपर्यंत उपस्थित राहूनही सही नाकारणारे तिघे होते, त्यांत मेसन एक. त्याची किंमत मैत्रीने मोजावी लागली. वॉशिंग्टनने पुढे एका पत्रात त्याचा उल्लेख एके काळचा मित्र असा केला.

व्हर्जिनियाच्या परिषदेत जून १७८८ मध्ये मेसन पुन्हा झगडला आणि ८९ विरुद्ध ७९ मतांनी हरला. परंतु त्याचा आक्षेप हरला नाही. हक्कांच्या सनदेची मागणी राज्याराज्यांतून उठली; जेम्स मॅडिसनने १७८९ मध्ये दुरुस्त्या मांडल्या आणि १५ डिसेंबर १७९१ रोजी त्यांतील दहा घटनेचा भाग झाल्या. दहा महिन्यांनी मेसन वारला. आपली घटना २६ जानेवारी १९५० रोजी पूर्णपणे अमलात आली ती मूलभूत हक्कांसह, आणि आपल्या घटनाकारांसमोर अमेरिकेचा हा अनुभव होता.

येथे एक सत्य झाकून ठेवणे योग्य होणार नाही. परिषदेत गुलामांच्या व्यापाराचा कडक शब्दांत धिक्कार करणाऱ्या मेसनच्या मळ्यांवर गुलामच राबत होते, आणि मृत्युपत्रातही त्याने त्यांना मुक्त केले नाही. सर्व माणसे स्वतंत्र, असे लिहिणारा हात तेथे थबकला. डिकिन्सननेही गुलाम बाळगले होते. परंतु १७७७ मध्ये त्याने त्यांना अटींसह आणि १७८६ पर्यंत बिनशर्त मुक्त केले.

डिकिन्सनचा अंदाज पुरता खरा ठरला नाही. फ्रान्सशी तह १७७८ मध्ये झालाच. पण तोही पुरता चुकला नव्हता. राज्यांच्या आपसांतील कराराला सर्वांची मान्यता मिळण्यास १७८१ उजाडले. मेसनचे म्हणणे चार वर्षांत देशाने मान्य केले. आमच्या मते बरोबर कोण, यापेक्षा विरोध कसा केला हे अधिक महत्त्वाचे. दोघांनी कारणे उघड सांगितली, नुकसान स्वतः सोसले आणि हरल्यावर कट रचले नाहीत. सभेत, नगरपालिकेत, संस्थेत एखादा सभासद एकटाच हात वर करीत नाही, तेव्हा त्याला विघ्नसंतोषी म्हणण्यापूर्वी त्याचे कारण ऐकून घ्यावे, एवढे तरी या दोघांपासून शिकण्यासारखे आहे.

१७८७ च्या घटनेवर डिकिन्सनचे नाव मात्र आहे. डेलावेअरचा प्रतिनिधी म्हणून तो परिषदेत होता. प्रकृती बिघडल्याने त्याला आधी निघावे लागले, आणि त्याच्या विनंतीवरून जॉर्ज रीड या त्याच्या सहकाऱ्याने ते लिहिले. १८०८ मध्ये तो वारला, तेव्हा राष्ट्राध्यक्षपदी असलेल्या जेफरसनने, म्हणजे ज्याच्या जाहीरनाम्यावर डिकिन्सनने सही केली नव्हती त्यानेच, देशाच्या हक्कांच्या आद्य पुरस्कर्त्यांत त्याची गणना केली.