राहुटी ते छावणी : एकोणिसाव्या शतकातील जालना परिसरातील सैनिकांचा निवारा

प्रस्तावना :
एकोणिसाव्या शतकाच्या लष्करी इतिहासाचे लेखन प्रामुख्याने लढाया, तह आणि सेनापती यांच्याभोवती झाले आहे. सामान्य सैनिक रात्री कोठे झोपत असे, पावसात त्याच्या डोक्यावर काय असे, हा प्रश्न त्यात क्वचितच उपस्थित होतो. गोदाकाठच्या तीर्थपुरी परिसरापासून उत्तरेस भोकरदनपर्यंतचा, म्हणजे आजच्या जालना जिल्ह्याचा प्रदेश या दृष्टीने अभ्यासण्याजोगा आहे. १८०३ मध्ये याच प्रदेशात मराठ्यांच्या व इंग्रजांच्या फौजा समोरासमोर आल्या आणि पुढे जालन्यास कायमची छावणी वसली. सैनिकाच्या निवाऱ्यात या काळात कोणता बदल झाला, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

मराठी लष्कराचा तळ :
‘छावणी’ या शब्दाचा मूळ संबंध छप्पर घालण्याशी, शाकारण्याशी आहे. दसऱ्यानंतर मोहिमेस निघावे व पावसाळ्यात छावणी करावी, अशी मराठी लष्कराची रीत होती. मोहिमेतील तळ मात्र कापडाचा असे. आसईच्या लढाईनंतर सहा वर्षांनी, १८०९ मध्ये, दौलतराव शिंदे यांच्या लष्कराबरोबर असलेल्या टॉमस ब्रॉटन या इंग्रज अधिकाऱ्याने अशा तळाचे तपशीलवार वर्णन केले आहे. बिनीवाला पुढे जाऊन महाराजांच्या डेऱ्याची जागा निशाण रोवून निश्चित करी. त्यानंतर बाजारांची निशाणे लागत व दुकानांच्या दोन रांगांमधून एक लांबच लांब रस्ता तयार होई. सरदार त्याच्या दोन्ही बाजूंना उतरत. सरदारांचे डेरे कनातींनी वेढलेले असत. शिपायाच्या वाट्यास पातळ कापडाचे पाल येई. पेंढारी तर तंबूचे ओझे बाळगतच नसत. तळावरील निवाऱ्यावरून माणसाचा दर्जा ओळखता येत असे.

१८०३ ची मोहीम :
आर्थर वेलस्ली याची दख्खनमधील मोहीम ऐन पावसाळ्यात सुरू झाली. १२ ऑगस्ट १८०३ रोजी अहमदनगरचा किल्ला घेऊन त्याने गोदावरी ओलांडली. अशा मोहिमेत तंबू ही केवळ सोय नव्हती, तर वाहतुकीची मोठी समस्या होती. तंबू, खांब, मेखा व तणावे वाहण्यासाठी बैल, उंट व हत्ती लागत. ते उभारण्यासाठी खलाशी लागत. भिजलेल्या कापडाचे वजन वाढे व जनावरांवरील भारही वाढे. त्यामुळे फौजेचा वेग बंदुकीइतकाच बैलाच्या पाठीवरही अवलंबून होता.

२१ सप्टेंबर रोजी बदनापूर येथे वेलस्ली व कर्नल स्टीव्हन्सन यांची भेट झाली आणि दुसऱ्या दिवशी दोन्ही तुकड्या वेगवेगळ्या मार्गांनी निघाल्या. २३ सप्टेंबर रोजी शिंदे-भोसले यांची फौज केळना नदीकाठी जवळच असल्याचे कळताच वेलस्लीने सामानसुमान नौलनी येथे पहाऱ्यात ठेवले व तो आसईकडे वळला. निवारा मागे ठेवल्यामुळे ही तातडीची चाल शक्य झाली. परंतु तिची किंमतही सैनिकांनीच मोजली. विजयी फौजेला ती रात्र उघड्या रणभूमीवर काढावी लागली. मृत, जखमी व बेपत्ता मिळून इंग्रजांकडील सुमारे १६०० माणसे कामी आली होती. जखमींसाठी पुढे अजिंठ्यास रुग्णालय उघडण्यात आले.

जालन्याची छावणी :
१८१७ मध्ये ब्रिगेडियर जनरल डव्हटन याची फौज जालन्याहूनच नागपूरकडे गेली. म्हणजे तोपर्यंत हे महत्त्वाचे लष्करी ठाणे झाले होते. १८२७ मध्ये येथे छावणी बांधण्यात आली व हैदराबाद कंटिंजंटच्या पलटणी तेथे राहू लागल्या. वरकरणी पाहता कापडाची जागा पक्क्या छपराने घेतली. तथापि हा बदल सर्वांसाठी समान नव्हता. इंग्रजी अमलाखालील लष्करांत युरोपीय सैनिकांसाठी सरकारी बराकी असत. हिंदी शिपाई मात्र अल्प भत्त्यात ‘लाइनी’तील आपली झोपडी स्वतः उभारीत. शिलेदारी पद्धतीच्या रिसाल्यात तर घोडा व साजही स्वाराचाच असे.

१८५९ मध्ये नेमलेल्या शाही आरोग्य आयोगाचा अहवाल १८६३ मध्ये प्रसिद्ध झाला. युरोपीय सैनिकांच्या, हजारी ६९ या सरासरी मृत्युप्रमाणामुळे त्यांच्या बराकींच्या सुधारणेस चालना मिळाली. शिपायांच्या झोपड्यांतील कोंदटपणा व सांडपाण्याची दुरवस्था फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांनीही निदर्शनास आणली होती. परंतु आयोगाच्या चिंतेचा मुख्य विषय युरोपीय सैनिकच राहिला.

निष्कर्ष :
राहुटीकडून छावणीकडे झालेला प्रवास केवळ सोयींच्या वाढीचा इतिहास नाही. मराठी तळावर निवारा सैनिकाच्या दर्जानुसार मिळे. इंग्रजी छावणीत त्यात वंशभेदाची भर पडली. दोन्ही व्यवस्थांमध्ये सामान्य हिंदी शिपायाच्या डोक्यावरील छपराचा भार बहुतांशी त्याच्यावरच राहिला. १९०३ मध्ये कंटिंजंटचे स्वतंत्र अस्तित्व संपले व जालन्याचे लष्करी महत्त्वही ओसरले. या प्रदेशाचा लष्करी इतिहास लिहिताना आसईच्या रणभूमीबरोबरच नौलनीस मागे राहिलेले तंबू आणि जालन्याच्या लाइनीतील झोपड्या यांचीही नोंद घ्यावी लागेल. त्याशिवाय लढणाऱ्या माणसाचा इतिहास पूर्ण होत नाही.