रिपॅकचा उतार आणि स्वस्त डिस्क ब्रेक

१/ माउंटन बाइकचा इतिहास सांगताना भर असतो तो फ्रेमवर, गिअरवर आणि जाड टायरवर. वस्तुतः या सायकलीला आकार आला तो एका ब्रेकच्या अपयशातून. ज्या उतारावर हे घडले, त्याला नावही त्या अपयशावरूनच पडले. बेताच्या पैशांत डिस्क ब्रेक घेणाऱ्यापुढे आज जो प्रश्न असतो, तो समजून घ्यायचा तर तेथूनच निघावे लागते. #इतिहास #थ्रेड

२/ २१ ऑक्टोबर १९७६. कॅलिफोर्नियातील मरिन काउंटी, फेअरफॅक्स गावाजवळचा कच्चा रस्ता. चार्ली केली आणि त्याच्या मित्रांनी तेथे उताराची शर्यत भरवली. अंतर सुमारे दोन मैल, आणि तेवढ्यात सुमारे १,३०० फूट खाली उतरायचे. सायकली होत्या श्विनसारख्या कंपन्यांच्या, १९३०-४०च्या दशकांतल्या. जड आणि जाड टायरच्या.

३/ त्यांतल्या अनेक सायकलींना मागच्या हबमधला कोस्टर ब्रेक असे. पेडल उलटे दाबले की हबच्या आत घर्षण होई. सपाट रस्त्याला तो पुरेसा होता. या उतारावर मात्र हब इतका तापे, की आतले ग्रीस जळून धूर निघे. खाली पोहोचल्यावर हब उघडून पुन्हा ग्रीस भरावे लागे. यालाच इंग्रजीत रिपॅक करणे म्हणतात. रस्त्याचे आणि शर्यतीचे नाव ‘रिपॅक’ पडले ते यावरून.

४/ ब्रेकचे काम केवळ चाक धरणे नव्हे. गतीची उष्णता करणे आणि ती उष्णता बाहेर टाकणे, असे ते दुहेरी काम आहे. कोस्टर ब्रेकला दुसरे काम जमले नाही. म्हणून गॅरी फिशरने आपल्या जुन्या सायकलीला ड्रम ब्रेक आणि मोटारसायकलचे लिव्हर बसवले. पुढे जो ब्रीझसारख्यांनी नव्या फ्रेम घडवल्या, तेव्हा रिमवर दाबणारे कॅन्टिलिव्हर ब्रेक रूढ झाले.

५/ १९९६मध्ये शिमानोने व्ही-ब्रेक आणला आणि रिम ब्रेकची ताकद बरीच वाढली. तरी मूळ अडचण सुटली नाही. रिम जमिनीलगत फिरते. तिच्यावर चिखल आणि पाणी येणारच. चाक थोडे वाकले तरी पॅड घासू लागतात, आणि पॅडबरोबर रिमही झिजत जाते.

६/ यावरचा उपाय मोटारींच्या जगात जुनाच होता. फ्रेडरिक लँचेस्टरने डिस्क ब्रेकचे पेटंट १९०२मध्येच घेतले होते. १९५३मध्ये डनलॉपचे डिस्क ब्रेक लावलेल्या जॅग्वार सी-टाइपने ल मांची शर्यत जिंकली. सायकलींसाठीही १९७०च्या दशकात असे ब्रेक निघाले, पण ते रुळायला १९९०चे दशक उलटावे लागले. त्यासाठी हब, फोर्क आणि फ्रेम या तिन्हींवर बसवण्याची सोय हवी होती.

७/ येथून दोन वाटा फुटतात. हायड्रॉलिक ब्रेकमध्ये नळीतले तेल दोन्ही पॅड सारख्याच जोराने दाबते. मेकॅनिकल ब्रेकमध्ये हे काम तार करते. तीच बोडेन केबल, जिचे पेटंट १८९६चे आहे. अशा बहुतेक स्वस्त ब्रेकमध्ये एकच पॅड हलतो. तो चकतीला किंचित वाकवून पलीकडच्या स्थिर पॅडवर दाबतो. पॅड झिजले की हे अंतर वाढते आणि लिव्हर हँडलपर्यंत येऊ लागतो.

८/ या दोषावर साधे उत्तर दिले ते अमेरिकेतील अ‍ॅव्हिड कंपनीच्या बॉल बेअरिंग ब्रेकने, पुढे बीबी७ म्हणून गाजलेल्या मॉडेलने. त्यात दोन्ही बाजूंचे पॅड हाताने फिरणाऱ्या चकत्यांनी पुढे आणता येतात. त्याच्याच स्वस्त भावंडात, बीबी५मध्ये, ही सोय एकाच बाजूला आहे. २००४मध्ये अ‍ॅव्हिड कंपनी स्रॅमकडे गेली. पण हा फरक आजही खरेदीची पहिली कसोटी ठरतो.

९/ उरलेल्या कसोट्याही याच इतिहासातून येतात. फ्रेम, फोर्क आणि हबवर डिस्कची सोय आहे का? नसेल तर कॅलिपर स्वस्त मिळूनही खर्च चाकापर्यंत जातो. लिव्हर किती तार ओढतो? माउंटन बाइकच्या बहुतेक मेकॅनिकल कॅलिपरना व्ही-ब्रेकचे जुने लिव्हर चालतात, तेवढे पैसे वाचतात. पॅड सहज मिळतात का? चकती १६० मिमीची की १८० मिमीची? मोठ्या चकतीला रोखण्याचा जोर अधिक आणि उष्णता टाकायला जागाही अधिक.

१०/ हायड्रॉलिक ब्रेक कमी श्रमात अधिक जोर देतो, आणि पॅडची झीज बहुधा आपोआप भरून काढतो. हे मान्य केलेच पाहिजे. परंतु त्यात हवा शिरली, तर ती काढायला विशिष्ट साहित्य आणि योग्य तेल लागते. मेकॅनिकल ब्रेकची तार तुटली, तर एक सुटी तार आणि अ‍ॅलन की पुरते. दुकानापासून दूर राहणाऱ्याला हा फरक किमतीइतकाच मोलाचा वाटतो.

११/ मात्र काटकसर कोठे करू नये, हेही रिपॅकच सांगते. झिजलेले पॅड, गंजलेली तार किंवा चकतीवर पडलेला तेलाचा थेंब, यांतले काहीही चांगल्या कॅलिपरला निकामी करू शकते. मरिनच्या त्या तरुणांकडे महागडे साहित्य नव्हते. पण पुन्हा उतारावर जाण्यापूर्वी ते हब उघडून पाहत. स्वस्त ब्रेक घेणाऱ्याने तेवढी सवय त्यांच्याकडून जरूर घ्यावी. (समाप्त)