राउटिंग टेबल: मार्गांच्या नोंदीचा आणि तिच्यावरील विश्वासाचा इतिहास

जाळ्यातील स्विचला ‘शो आयपी रूट’ ही आज्ञा दिली असता पडद्यावर जी यादी उमटते, तिला राउटिंग टेबल म्हणतात. कोणत्या पत्त्याकडे निघालेले पॅकेट, म्हणजे माहितीचा सुटा तुकडा, पुढे कोणत्या शेजारी यंत्राच्या हाती द्यायचे याची ती नोंद असते. सिस्कोच्या यंत्रांवर या यादीतील नोंदीच्या आरंभी एक अक्षर येते आणि ते ही माहिती कोठून मिळाली हे सांगते. मार्गाइतकेच त्याच्या उगमाला महत्त्व का आले, हे अर्पानेटच्या पहिल्या दशकाकडे पाहिल्यावर कळते.

अमेरिकी संरक्षण खात्याच्या पैशातून 1969 मध्ये उभ्या राहिलेल्या या जाळ्यात प्रत्येक केंद्रावर ‘आयएमपी’ नावाचा संगणक असे; बोल्ट, बेरानेक अँड न्यूमन या कंपनीने तो हनीवेलच्या डीडीपी-516 यंत्रापासून घडवला होता. मार्ग ठरवण्याचे काम कोणा एका मध्यवर्ती यंत्राकडे नव्हते. प्रत्येक आयएमपी आपले टेबल सुमारे दोन-तृतीयांश सेकंदाला एकदा शेजाऱ्यांकडे पाठवी आणि त्यांनी कळवलेल्या अंतरात त्यांच्यापर्यंतचे अंतर मिळवून सर्वांत कमी बेरजेचा मार्ग निवडी. ही योजना विलक्षण सुंदर होती, परंतु ती सर्वस्वी शेजाऱ्याच्या शब्दावर उभी होती. हार्वर्ड येथील आयएमपीच्या स्मृतीत बिघाड झाला तेव्हा तो सर्व ठिकाणांपर्यंतचे आपले अंतर शून्य असल्याचे सांगू लागला आणि दूरदूरची पॅकेटे त्याच्याकडे वळून तेथेच गडप झाली. बाकीची सर्व यंत्रे नियमानुसारच वागत होती, ही या घटनेतील खरी गंभीर बाब होय.

पुढे, 1980 च्या सुमारास, प्रत्येक यंत्राने केवळ स्वतःच्या जोडण्यांची वार्ता सर्वांना कळवावी आणि त्यावरून प्रत्येकाने संपूर्ण नकाशा स्वतः रचावा, अशी पद्धत आली. तीही निर्दोष ठरली नाही: 27 ऑक्टोबर 1980 रोजी एकाच वार्तेच्या तीन प्रती, क्रमांक बिघडल्यामुळे प्रत्येक प्रत दुसरीहून नवी भासत, जाळ्यात फिरत राहिल्या आणि अर्पानेट काही तास ठप्प झाले.

या दोन्ही पद्धतींचे वारस आजच्या यादीत अक्षररूपाने नांदतात. ‘आर’ म्हणजे 1988 मध्ये प्रमाणित झालेला, पंधरा टप्प्यांपलीकडचे ठिकाण अगम्य मानणारा रिप. ‘ओ’ म्हणजे नकाशा रचणारा ओएसपीएफ. सोबतच्या कंसातील पहिला आकडा विश्वासाची प्रत दाखवतो, आणि तो जितका लहान तितकी माहिती अधिक भरवशाची मानली जाते: हाताने लिहिलेल्या मार्गाला 1, ओएसपीएफला 110, रिपला 120.

स्विचला मात्र आरंभी या यादीची गरजच नव्हती. कल्पना या कंपनीने 1990 मध्ये आणलेला इथरनेट स्विच केवळ यंत्रांचे हार्डवेअर पत्ते ओळखत असे; आयपी पत्ते वाचून मार्ग निवडण्याचे काम त्याच्या चिपमध्ये त्या दशकाच्या उत्तरार्धात रुजले. त्यामुळे एक नवा दुहेरीपणा आला, कारण पडद्यावरची यादी सॉफ्टवेअरची असते, तर पॅकेटे वळतात ती चिपमधील मर्यादित जागेत उतरवलेल्या तिच्या प्रतीवरून. 12 ऑगस्ट 2014 रोजी जगभरच्या मार्गांची संख्या 512 हजारांपलीकडे गेली आणि अनेक जुन्या यंत्रांतील ही जागा अपुरी पडली. म्हणूनच बिघाड शोधताना जाणते तंत्रज्ञ राउटिंग टेबलावर न थांबता चिपमधील प्रतही उघडतात आणि दोन्हींतील नोंदी ताडून पाहतात.