‘सिली’ या शब्दाची उतरण

श्रोतेहो, रेडिओवर क्रिकेटचे धावते वर्णन ऐकताना ‘सिली पॉइंट’, ‘सिली मिड ऑन’ ही नावे तुमच्या कानांवरून गेली असतील. फलंदाजाच्या अगदी पुढ्यात उभे राहायच्या या जागा. इतक्या जवळ उभे राहायचे म्हणजे वेडेपणाच; म्हणून त्यांना ‘सिली’ म्हणायचे. शाळेतला कोणताही इंग्रजी शब्दकोश उघडा, ‘सिली’ म्हणजे मूर्ख, खुळचट, पोरकट. पण हजार वर्षांपूर्वी इंग्लंडात एखाद्याला हे विशेषण लावले असते, तर त्याला तो आशीर्वाद वाटला असता!

आश्चर्य वाटते ना? मग मुळापासून पाहू. जुन्या इंग्रजीत हा शब्द ‘सॅलिग’ अशासारखा लिहीत. त्यातल्या ‘सॅल’चा अर्थ सुख, सुदैव, सुवेळ. तेव्हा ‘सॅलिग’ म्हणजे सुखी, भाग्यवान, देवाची कृपा असलेला. जर्मन भाषेत त्याचा सख्खा भाऊ ‘झेलिग’ आजही ‘धन्य’ याच अर्थाने नांदतो आहे. आपण ‘कैलासवासी’ म्हणतो, तसा तो दिवंगत माणसाच्या नावालाही लावतात.

इंग्रजीतला भाऊ मात्र पायरी पायरीने खाली उतरला. आणि गंमत अशी, की यातली एकही पायरी पाहताना मोठी वाटत नाही. ज्याच्यावर देवाची कृपा, तो निष्पाप. निष्पाप माणसाला छक्केपंजे कळत नाहीत, म्हणजे तो बिचारा. बिचारा तो दुबळा. आणि दुबळ्याला अक्कल ती कुठली! झाले, ‘धन्य’चा ‘मूर्ख’ झाला.

चौदाव्या शतकातला कवी चॉसर याची एका भोळ्या म्हाताऱ्या सुताराची गोष्ट आहे. त्याची तरुण बायको आणि घरात राहणारा विद्यार्थी मिळून त्याला फसवतात. चॉसर या सुताराला पुन्हा पुन्हा हेच विशेषण लावतो. त्यात कीव किती आणि हसू किती, हे सांगणे कठीण. पुढे शब्दाचा उच्चार आखूड होऊन ‘सिली’ झाला. सोळाव्या शतकाच्या शेवटी शेक्सपिअरच्या नाटकांत ‘असहाय’ आणि ‘मूर्ख’ असे दोन्ही अर्थ सापडतात. १६२९ साली मिल्टनने मेंढपाळांच्या विचारांना ‘सिली’ म्हटले, ते साधे, निरागस या अर्थाने. शिक्षकबंधूंनी हे ध्यानात ठेवावे. जुनी कविता शिकवताना आजचा अर्थ लावला, तर कवीने ज्यांना साधे म्हटले त्यांना आपण उगाच मूर्ख ठरवतो.

दुसरा शब्द तर तुमच्या चांगल्या ओळखीचा आहे. सिनेमातला ‘व्हिलन’! लॅटिनमध्ये ‘व्हिला’ म्हणजे शेतीवाडीचे घर, आणि तिथे राबणारा तो ‘व्हिलानुस’. फ्रेंचमधून हा शब्द इंग्लंडात आला. तिथे जमीनदाराच्या जमिनीला बांधलेल्या कुळाला त्याच शब्दाने ओळखत. वरच्या लोकांनी ठरवले, की कुळवाडी तो हलक्या मनाचा, आणि हलक्या मनाचा तो दुष्ट. शेतात घाम गाळणारा माणूस असा खलनायक होऊन बसला. त्याने काय केले होते? काही नाही. फक्त शब्दाला अर्थ देणारे लोक दुसरे होते.

मात्र सगळेच शब्द खाली जातात असे समजू नका. गुरुजी वहीवर ‘नाइस’ असा शेरा मारतात. त्याचे लॅटिन मूळ ‘नेस्कियुस’, म्हणजे आपल्या जुन्या मराठीतला ‘नेणता’. सुमारे १३०० साली इंग्रजीत ‘नाइस’ म्हणजे मूर्ख. मग चोखंदळ, मग नाजूक, मग काटेकोर असे करत करत अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात तो ‘छान’ झाला. एक भाग्यवान मूर्ख ठरला, दुसरा मूर्ख छान ठरला!

आता आपल्या घरात डोकावू. महादेवाला आपण ‘भोळा सांब’ म्हणतो, देवाला भोळा भाव आवडतो म्हणतो. आणि बाजारात फसून आलेल्या माणसाला? ‘भोळसट!’ ‘गावंढळ’ या शब्दात तर गावच शिवी होऊन बसले आहे. ‘सिली’ ज्या उतरणीवरून गेला, तीच ही उतरण नव्हे काय?

शब्दाचा अर्थ कुणी एका दिवसात बदलत नाही. तो रोजच्या बोलण्यात, नकळत बदलतो. त्यातही कीव आणि तुच्छता यांच्यामध्ये एकाच पायरीचे अंतर असते. तेव्हा वर्गात एखाद्या साध्या पोराला हाक मारताना, किंवा पारावर एखाद्या सरळ माणसाविषयी बोलताना, शब्द जरा जपून वापरा. साधेपणाला आज आपण काय म्हणतो, त्यावरून पुढची माणसे आपल्याला ओळखणार आहेत.