डब्यातला परका

परक्या माणसाच्या उद्धटपणाची तक्रार आज घरोघरी ऐकू येते. कोणी रांग मोडून पुढे घुसतो, कोणी बाकावर पाय पसरून बसतो, कोणी भरल्या गाडीत मोबाइलवर मोठ्याने गाणी लावतो, तर खिडकीमागचा कारकून मान वर न करताच उत्तर फेकतो. ऐकणारा मान डोलावतो आणि एक ठरलेले वाक्य म्हणतो, "पूर्वी असे नव्हते हो." हे वाक्य आज तपासून पाहावे असे आम्ही योजिले आहे. पूर्वी म्हणजे नेमके केव्हा? आणि त्या पूर्वीच्या काळी परका माणूस आपल्या शेजारी बसत तरी होता काय?

जुन्या गावगाड्यात परका असा फारसा नव्हताच. समोरून येणारा कोणाचा कोण, त्याचे घर कोठे, त्याने कोठवर यायचे आणि कोठे थांबायचे, हे सर्वांना ठाऊक असे. वाटसरू आलाच तर पहिला प्रश्न ठरलेला: कोण तुम्ही, कोणत्या जातीचे? त्या उत्तरावर पुढचे सारे ठरे. कोणाला ओसरी, कोणाला अंगण, आणि कोणाला वेशीबाहेरची धूळ. त्या काळी आदरसत्कार नव्हता असे आम्ही म्हणत नाही. तो होता, पण जात पाहून मापाने वाढला जात होता. म्हणून 'पूर्वीची सभ्यता' असे म्हणताना ती कोणाच्या वाट्याला येत होती, हे विचारल्यावाचून पुढे जाता येणार नाही.

या व्यवस्थेला पहिला मोठा धक्का दिला तो आगगाडीने. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदराहून ठाण्याला पहिली प्रवासी गाडी सुटली. १४ डबे, सुमारे ४०० निमंत्रित आणि २१ मैलांचे अंतर. गाडी पाहायला गर्दी लोटली ती वाफेच्या नवलाईने. परंतु खरी नवलाई पुढे डब्यातच घडली. तिकिटाला पैसे मोजले की त्याच्यावर जात लिहिलेली नसे. डब्यांचे दर्जे झाले ते पैशावर, आणि काही डबे राखीव झाले ते गोऱ्या कातडीवर; पण जातवार डबे काही झाले नाहीत. ज्यांनी पिढ्यान्‌पिढ्या एकमेकांची सावली टाळली, त्यांचे गुडघे तिसऱ्या वर्गाच्या बाकावर एकमेकांना लागू लागले. 'परका सहप्रवासी' हा माणूस आपल्याकडे सर्वांच्या नजरेत आला तो असा.

या नव्या माणसाशी वागायचे कसे, याचा संस्कार कोणाजवळच नव्हता. आश्चर्य वाटेल, पण तो प्रथम लिहून काढला तो सरकारी कायद्याने. १८९० चा रेल्वे कायदा आज बदलला आहे; १९८९ साली त्याच्या जागी नवा कायदा आला. पण तो जुना कायदा वाचण्यासारखा आहे. डब्यात जास्तीत जास्त किती माणसे बसवायची तो आकडा ठरवून डब्यावर लिहावा, असे त्यात होते. सर्वांत खालच्या वर्गाचा निदान एक डबा बायकांसाठी राखावा, असे होते. भरलेल्या डब्यात जबरदस्तीने शिरणे हा जसा गुन्हा, तसाच जागा असताना दुसऱ्याला आत येऊ न देणे हाही गुन्हा ठरवला होता. आणि बिडी-चिरूट ओढायची तर सोबतच्या प्रवाशांची संमती हवी, नाहीतर २० रुपयांपर्यंत दंड. या शेवटच्या कलमावर आम्ही फार विचार केला आहे. परक्या माणसाने परक्या माणसाला विचारावे, ही अपेक्षा येथे कायद्याने धरली आहे. ज्याला विचारायचे तो कोणत्या जातीचा वा हुद्द्याचा, याची चौकशी कायदा करीत नाही. तो डब्यात आहे, एवढे पुरे.

आता कायदा पुस्तकात होता, आणि माणसे गाडीत होती. त्या दोहोंतले अंतर दाखविणाऱ्या दोन घटना येथे सांगतो. दोन्ही ज्यांच्यावर गुदरल्या त्यांनीच पुढे लिहून ठेवल्या आहेत.

पहिली १९०१ सालची. साताऱ्याहून काही मुले वडिलांच्या नोकरीच्या गावी निघाली आणि मसूर स्टेशनावर उतरली. न्यायला कोणी आले नव्हते. मुले नीटनेटक्या कपड्यांत होती. स्टेशनमास्तरने आपुलकीने चौकशी केली, आणि मग विचारले, तुम्ही कोण? आपण महार आहोत असे त्यांच्यातल्या एका मुलाने सांगितले, आणि मास्तरचा चेहरा पालटला. गाडीवाले भाडे घेईनात. अखेर दुप्पट भाड्यावर एक जण कबूल झाला. अट अशी की गाडी मुलांनी हाकायची आणि तो बाजूने चालणार. त्या रात्री त्या मुलांना वाटेत प्यायला पाणी मिळाले नाही. तो मुलगा म्हणजे भीमराव आंबेडकर.

दुसरी घटना १९१७ च्या सुमाराची. लाहोर स्टेशनावर कलकत्त्याच्या गाडीत शिरायला एका प्रवाशाला जागा मिळेना. एका हमालाने १२ आणे घेऊन त्याला खिडकीतून आत लोटले. आत बसलेल्यांपैकी कोणी सरकेना. तो वरच्या फळीची साखळी धरून तासन्‌तास उभा राहिला, आणि बसलेले लोक त्यालाच टोचून बोलत राहिले. शेवटी त्यांनी नाव विचारले. नाव कळताच ते शरमले, माफी मागितली आणि जागा करून दिली. तो प्रवासी म्हणजे मोहनदास करमचंद गांधी.

या दोन घटना शेजारी ठेवून पाहा. एकीकडे ओळख कळली आणि मिळत असलेली माया गेली. दुसरीकडे ओळख कळली आणि नाकारलेली जागा मिळाली. वरवर पाहता उलट गोष्टी, पण मुळाशी एकच प्रश्न आहे: तू कोण? गावच्या वेशीवरचा तो जुना प्रश्नच आगगाडीत चढून बसला होता. आम्हांला चिंता वाटते ती त्या डब्यातल्या तिसऱ्या माणसाची. ज्याचे नाव सांगून कोणी शरमणार नाही, असा कोणी साखळी धरून उभा असेल, तर तो कलकत्त्यापर्यंत उभाच राहिला असणार.

गांधींनी पुढे सप्टेंबर १९१७ मध्ये तिसऱ्या वर्गाच्या प्रवासावर वृत्तपत्रांना एक पत्र लिहिले. मुंबईहून मद्रासला जाताना त्यांच्या डब्यावर २२ जणांची पाटी होती आणि आत बहुतेक वाटेवर ३५ हून अधिक माणसे होती. एकदा तर मारामारी होणार होती. ती टळली ती काही वडीलधाऱ्या प्रवाशांनी मध्ये पडून समजूत घातली म्हणून. गांधींनी प्रवाशांना मोकळे सोडले नाही. थुंकणे, धूर सोडणे, घाण करणे, यांवर ते कडक बोलले. पण त्याच पत्रात त्यांनी दुसरेही एक माप मांडले. पहिल्या वर्गाचे भाडे तिसऱ्याच्या पाचपटीहून अधिक. मग तिसऱ्या वर्गाला पहिल्याच्या एक पंचमांश तरी सोय मिळते काय? लाखो लोकांना नीटनेटकेपणाचे आणि एकत्र राहण्याचे शिक्षण देण्याची जागा म्हणजे हा डबा. पण तेथेच त्यांची शालीनता बोथट केली जाते, असा त्यांचा आशय होता. आमच्या मते या विषयावर इतके नेमके क्वचितच कोणी सांगितले आहे. २२ जणांच्या जागेत ३५ कोंबले, की पस्तिसावा माणूस उद्धट दिसणारच. त्याचा स्वभाव तपासण्याआधी ती पाटी कोणी खोटी पाडली, ते विचारले पाहिजे.

'तिसरा वर्ग' हे नाव १९७४ साली गेले. गर्दी गेली नाही. मुंबईच्या लोकलमध्ये ऐन गर्दीच्या वेळी एका चौरस मीटरमध्ये १४ ते १६ माणसे उभी असतात, हे रेल्वेच्याच हिशेबात नमूद झालेले आहे. तेवढ्या जागेत घरची माणसेही एकमेकांवर डाफरतील, मग परक्यांचे काय?

आता आमच्या रोजच्या कामातला अनुभव सांगतो. एस. टी. ची पहिली गाडी १ जून १९४८ रोजी पुणे-अहमदनगर मार्गावर निघाली. तेव्हापासून परवा-परवापर्यंत वाहक आणि प्रवासी यांची जी भांडणे आम्ही ऐकत आलो, त्यांतली कितीतरी सुट्ट्या पैशांवरून झालेली. प्रवासी म्हणे, कंडक्टर उर्मट. कंडक्टर म्हणे, पॅसेंजर मुजोर. दोघेही खरे बोलत असत. सकाळच्या पहिल्या फेरीला पिशवीत चिल्लर थोडी, आणि दहापैकी सहा जणांच्या हातात मोठी नोट, यात वाद पेटणे ठरलेलेच. जेथे यंत्रावर मोबाइलने पैसे देण्याची सोय झाली, तेथे हा तंटा पुष्कळ कमी झाला. वाहक तोच, प्रवासी तेच. तो तंटा स्वभावाचा नव्हता, व्यवस्थेचा होता. पगार तुटपुंजा, ड्युटी लांब, माणसे कमी, अशा खिडकीमागे बसलेला कामगार, आणि खिडकीपुढे अर्ध्या दिवसाची मजुरी बुडवून उभा असलेला कामगार, हे दोघे एकमेकांवर तोंड टाकतात, आणि ज्यांनी खिडक्या चारांच्या दोन केल्या ते या भांडणात कोठेच दिसत नाहीत.

नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ पासून गिरणी कामगारांसाठी मागण्या मांडल्या आणि १० जून १८९० रोजी रविवारची सुट्टी पदरात पडली. ती मागणी विश्रांतीची होती, हे खरे. पण दमलेला माणूस परक्याशी नीट बोलू शकत नाही, हे ज्याने कामगाराचा चेहरा संध्याकाळी पाहिला आहे त्याला सांगावे लागत नाही. विश्रांती हीदेखील सभ्यतेची भूमी आहे.

याचा अर्थ सगळा दोष व्यवस्थेवर टाकून मोकळे व्हावे, असा मात्र नाही. दोन गोष्टींची गल्लत होता कामा नये. उद्धटपणा निराळा आणि हक्क नाकारणे निराळे. सार्वजनिक पाणवठे सर्वांना खुले करावेत असा ठराव रावबहादूर बोले यांनी १९२३ साली मुंबईच्या कायदेमंडळात संमत करून घेतला. तरी महाडचे चवदार तळे बंदच राहिले. २० मार्च १९२७ रोजी डॉ. आंबेडकर आणि त्यांचे सहकारी तेथे पाणी प्यायले. त्यांना मार खावा लागला, कज्जा लढावा लागला, आणि हायकोर्टाचा निकाल १९३७ मध्ये त्यांच्या बाजूने लागला. तेथे गोड बोलून भागले नसते. समोरचा नुसता तुसडा आहे की आपला हक्क अडवून बसला आहे, हे आधी ओळखावे. तुसड्याला क्षमा करता येते. हक्क अडविणाऱ्यापुढे मात्र मोठ्या मनाने माघार घेतली, तर मागून येणाऱ्या सर्वांचा रस्ता बंद होतो.

मग रोजच्या उद्धटाशी वागावे कसे? चळवळीत शिकलेले तीन नेम सांगतो.

पहिला, नियम बोलावा, माणूस बोलू नये. "अक्कल आहे का?" म्हटले की भांडण दोघांचे होते. "रांग इकडून आहे" म्हटले की ते वाक्य सगळ्या रांगेचे होते.

दुसरा, एकट्याला बोलू देऊ नये. रांग मोडणाऱ्याला एकाने हटकले की ती कुरबुर ठरते. मागच्या दुसऱ्याने शांतपणे तेच म्हटले की तो नियम ठरतो. आपल्याकडे बहुधा एक जण बोलतो आणि पंचवीस जण खिडकीबाहेर पाहतात. मद्रासच्या गाडीतल्या त्या वडीलधाऱ्यांनी खिडकीबाहेर पाहिले असते, तर डब्यात रक्त सांडले असते.

तिसरा, "मी कोण आहे ते माहीत आहे का?" हे वाक्य तोंडातून कधी काढू नये आणि कोणाचे ऐकून घेऊ नये. वेशीवरचा प्रश्नच येथे उलटा करून आला आहे. ज्याला आपली ओळख सांगून जागा मिळवायची आहे, तो बिनओळखीच्या माणसाला उठवू पाहतो आहे, हे पक्के समजावे.

पूर्वी असे नव्हते, हे वाक्य आता पुन्हा पाहा. पूर्वी परका शेजारी बसतच नव्हता, म्हणून हा प्रश्नही नव्हता. तो बसू लागल्याला पावणेदोनशे वर्षेही झालेली नाहीत, आणि तेवढ्या काळात लोकांनी काही रीती स्वतःच घडविल्या आहेत. मुंबईच्या लोकलमध्ये तिघांच्या बाकावर चौथा येतो आणि म्हणतो, "जरा सरका." तिघे सरकतात. चौथा अर्धाच टेकतो, एक पाय बाहेर राहतो, पण पाठीला थोडा आधार मिळतो. ही चौथी सीट कोणत्याही कायद्यात नाही, आणि ती देताना कोणी कोणाचे नाव विचारीत नाही. रेल्वेने पुरेशा गाड्या द्याव्यात म्हणून आम्ही लढतच राहू. तोवर सरकणाऱ्या त्या तिघांना आमचा नमस्कार असो.